वाचून दाखवले

“याला नाव कुठाय?”

हुपरीकर सरांनी ते वायरलेस कार्ड दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. करंगळीएवढी वस्तू. एका टोकाला कॉम्प्युटरच्या खाचेत बसणारं पत्र्याचं तोंड, बाकी सगळं गुळगुळीत प्लॅस्टिक. त्यावर अंगठा फिरवत ते पुन्हा म्हणाले, “मॅडम, नाव नाही याला.”

“छापलंय ना सर. बाजूला आहे बघा.”

“कुणासाठी छापलंय?”

मी जीभ चावली. मिरजेजवळच्या त्या अंध मुलांच्या शाळेत मला रुजू होऊन नऊच दिवस झाले होते आणि ‘बघा’ हा शब्द मी दिवसातून वीसदा तरी वापरत होते. सरांना त्याचं काही वाटत नसे. ते स्वतःही वापरत. पण नावाशिवाय वस्तू त्यांना चालत नसे. कपाट, खुर्ची, माउस, चहाच्या कपांचा ट्रे, सगळ्यांवर ब्रेलमधल्या नावाची पट्टी. कागदाची पट्टी बोटांनी महिन्याभरात झिजून सपाट होते, म्हणून अॅल्युमिनियमची पातळ चिकटपट्टी. धातूवर ठिपके ताठ उठतात. सरांना ते ताठच लागत. त्यांनी त्याच शाळेत अकरा वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्या होत्या. वेताने बोटांची टोकं अशी घट्ट झाली होती की पुस्तकातलं बारीक ब्रेल त्यांना आता नीट लागत नसे.

“करते तयार,” मी म्हणाले.

ब्रेल मी नुकतीच शिकत होते, त्यामुळे उत्साह भरपूर. ‘कार्ड’ एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं. मी पाटी आणि टोचणी घेऊन बसले आणि ‘बिनतारी जोडणीचे कार्ड, संगणक कक्ष’ एवढं सगळं टोचून काढलं. पट्टी चांगली वीतभर झाली. मग ती कार्डाभोवती दोन वेढे देऊन चिकटवली. सरांनी त्यावरून बोट फिरवलं आणि हसले.

“मॅडम, एवढं मोठं नाव तर आमच्या अध्यक्षांचंही नाही.”

हे २००८ सालच्या जानेवारीतलं. दिवस मंगळवार. तो दिवस मला आजही आठवतो, कारण त्या आठवड्यात जे काही घडलं त्याला माझी ती पट्टी कारणीभूत होती आणि ते मला शनिवारपर्यंत कळलं नाही.

शाळेच्या ऑफिसात नुकताच इंटरनेट आला होता. संगणक कक्ष पटांगणाच्या पलीकडे होता आणि पटांगणातून वायर न्यायला सक्त मनाई होती. मुलं तिथे मोकळी धावत. शाळेत आपण कशाला अडखळणार नाही, एवढी एकच खात्री त्यांना होती, आणि ती मोडायची कुणाची हिंमत नव्हती. म्हणून ऑफिसातला इंटरनेट हवेतून पकडणारं हे बिनतारी कार्ड. सोमवारी मी ते ऑफिसच्या कॉम्प्युटरला लावून पाहिलं होतं. दोन मिनिटांत चालू झालं होतं.

कक्षातले कॉम्प्युटर मात्र वेगळे. त्यांवर लिनक्स होतं. सगळ्यांसाठी खुली असलेली ही सिस्टीम सरांनी स्वतः शोधून, स्वतः बसवली होती, कारण तिच्यात पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा आवाज आयता मिळत होता. ऑफिसच्या कॉम्प्युटरला ते ‘मुका’ म्हणत. तो मुका असल्यामुळे तिथलं काही लागलं की त्यांना डोळस माणूस लागे. नऊ दिवस तो माणूस म्हणजे मी.

आणि इथेच त्यांचा दुसरा नियम येतो. सरांना जो कुणी कागद वाचून दाखवेल, त्याने कागदाखाली ‘वाचून दाखवले’ असं लिहून सही करायची. बँकेचं पत्र असो की लग्नाची पत्रिका. पहिल्या दिवशी मला हसू आलं होतं.

“सर, लग्नपत्रिकेवर सही?”

“उद्या तारीख चुकून मी भलत्याच्या मांडवात जाऊन जेवलो तर कुणाला धरू?” असं त्यांचं उत्तर होतं.

त्यांच्या टेबलाच्या खणात अशा सह्यांचा गठ्ठाच होता. शाळेतली येऊन गेलेली सगळी डोळस माणसं त्यात असतील.

कार्ड कक्षातल्या कॉम्प्युटरला लावलं आणि काहीच झालं नाही. दिवा लागला नाही. आवाज काही बोलला नाही. सरांनी कळफलकावर काहीतरी टाइप केलं, आवाजाने चार आकडी दोन क्रमांक सांगितले.

“त्याला कळलंय की कोणीतरी दारात आलंय,” सर म्हणाले. “हे त्या पाहुण्याचे क्रमांक. पण ओळख पटत नाही, म्हणून आत घेत नाही. शनिवारी अकराला समिती येणार. म्हणजे आपल्याकडे चार दिवस.”

शनिवारी काय होणार हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. संस्थेचे कार्यवाह आवटी साहेब कक्ष पाहायला येणार होते. बिनडोळ्यांच्या माणसाने कॉम्प्युटर शिकवावा हे त्यांना पहिल्यापासून पटलेलं नव्हतं. कक्ष सुरू होऊन वर्ष झालं तरी तिथे इंटरनेट नाही, हे त्यांना निमित्त मिळालं होतं. शनिवारपर्यंत तो आला नाही, तर कक्ष दुसऱ्याकडे आणि हुपरीकर सर परत खुर्च्यांच्या विभागात.

‘दुसऱ्याकडे’ म्हणजे माझ्याकडे. हे मात्र, माझ्या समजुतीप्रमाणे, फक्त तिघांना ठाऊक होतं. आवटी साहेब, ऑफिसातले क्लार्क शेडबाळे आणि मी. मुलाखतीतच साहेबांनी सांगितलं होतं, “आत्ता मदतनीस म्हणून या. जानेवारीअखेर ठराव करून कायम करतो.” चार वर्षं मी तीन कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवत फिरत होते. एप्रिल आला की घरी बसायचं आणि जूनमध्ये पुन्हा दारं वाजवायची. ‘कायम’ हा शब्द ऐकून मी पुढचं काही विचारलंच नव्हतं. त्या जागेवर आत्ता कोण आहे, हेसुद्धा नाही.

बुधवारी मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर शोधाशोध केली. आपल्या कार्डाच्या पोटात जी चिप आहे, तिला लिनक्सवर चालवणारा प्रोग्रॅम कुठल्याशा लोकांनी लिहून ठेवला होता आणि तो कुणालाही घेता येत होता. तो मी पेनड्राइव्हवर घेतला आणि त्यांच्या पानावरची माहिती छापून सरांना वाचून दाखवली.

“कंपनीने माहिती दिली असेल त्यांना,” सर म्हणाले.

“नाही. इथे लिहिलंय, मागितली होती, दिली नाही. मग दुसऱ्या सिस्टीमवर हे कार्ड चालतं तेव्हा कॉम्प्युटर त्याला काय सांगतो आणि कार्ड काय उत्तर देतं, ते हे लोक टिपत बसले. दीड वर्षं. कशाला काय म्हणायचं ते अंदाजाने ठरवलं आणि मग हा प्रोग्रॅम लिहिला.”

सर खुर्चीत पुढे सरकले.

“न बघता?”

“बघायला आत काही नव्हतंच, सर.”

“म्हणजे चाचपडत.” ते स्वतःशीच हसले. “डोळस माणसं, आणि चाचपडत! किती जण आहेत?”

“मुख्य पाच-सहा. कुणी जर्मनीत, कुणी ब्राझीलमध्ये. एकमेकांना कधी भेटलेलेही नाहीत म्हणे. आणि कुणाला पगार नाही.”

“सही करा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज जरा बदलला होता.

गुरुवार सकाळ मी जन्मात विसरणार नाही.

त्या प्रोग्रॅमच्या साडेचार हजार ओळी होत्या. मला वाटलं होतं, मी वाचेन आणि सर ऐकतील. सरांनी मला शेजारची खुर्ची दाखवली, कानाला हेडफोन न लावता आवाज खोलीत सोडला आणि त्याचा वेग वाढवला. आणखी वाढवला. शेवटी तेलात मोहरी तडतडावी तसा तो आवाज यायला लागला. मला एक शब्दही कळेना. इंग्रजी आहे हेसुद्धा कळेना. सर हात मांडीवर ठेवून, मान किंचित डावीकडे कलती करून बसले होते. मधूनच एक बोट उचलून कळ दाबत, आवाज थांबे, चार ओळी मागे जाई, पुन्हा तडतड सुरू. ते जणू एखाद्या मोठ्या घरात फिरत होते आणि कुठली खोली कुठे आहे ते मनात मांडत होते. मी एम. सी. ए. झालेली बाई. असला प्रोग्रॅम मी चार दिवस पेन्सिल घेऊन वाचला असता. सर दोन तासांत सगळा ऐकून मोकळे झाले. माझ्या अंगावर खरंच काटा आला होता. लाजही वाटत होती, कारण या माणसाच्या जागी मला बसवायचं ठरलं होतं.

एके ठिकाणी त्यांनी आवाज थांबवला आणि वेग माझ्यासाठी कमी केला.

“हे ऐका. हे मशीनसाठी नाही, माणसासाठी लिहिलंय.”

सपाट आवाज एकेक शब्द उच्चारत गेला. त्याचा अर्थ असा होता: ही पुढची आज्ञा इथे का लागते ते आम्हाला समजलेलं नाही. पण ती काढली की कार्ड बंद पडतं. कुणाला कारण कळलं तर कृपया सांगा.

सरांनी ते तीनदा ऐकलं. “मॅडम,” ते म्हणाले, “आयुष्यभर डोळस माणसांनी मला सांगितलं की त्यांना सगळं दिसतं. हा पहिला भेटला जो म्हणतो की इथे मला दिसत नाही, जरा हात द्या. हा आमच्यातला आहे.”

दुपारपर्यंत घोळ सापडला. प्रोग्रॅममध्ये ओळखीच्या कार्डांची एक यादी होती, चाळीसेक क्रमांकांची. आपल्या कार्डाचा क्रमांक त्यात नव्हता. पण शेवटचा एक आकडा सोडला तर अगदी तसाच एक क्रमांक होता.

“शेजारच्या घरातलाच आहे हा,” सर म्हणाले. “चिप तीच, वर नाव दुसरं लावून विकलंय. यादीत याचंही नाव घालू.”

एकच ओळ. ती त्यांनी स्वतः टाइप केली, आवाजाकडून एकेक अक्षर म्हणवून घेतलं आणि प्रोग्रॅम नव्याने बांधायला लावला. ते काम जुन्या कॉम्प्युटरला शुक्रवारी सकाळपर्यंत पुरलं. शुक्रवारी कार्ड लावलं आणि त्याच्या टोकाचा हिरवा दिवा लागला.

“लागला, सर! दिवा लागला!” मी ओरडलेच.

“मला काय त्याचं?” सर म्हणाले, पण तोंडभर हसत होते. “आता विचारू त्याला, आसपास कोण आहे?”

त्यांनी आज्ञा दिली. आवाज म्हणाला, काही सापडलं नाही.

पुन्हा विचारलं. काही सापडलं नाही. दुपारी चारपर्यंत आम्ही पन्नासदा तरी विचारलं असेल. ऑफिसात इंटरनेट चालू होता, मी दोनदा धावत जाऊन खात्री केली. कार्डाचा दिवा लुकलुकत होता आणि आवाज तेच सांगत होता.

“माझ्या ओळीत चूक असणार,” सर म्हणाले. “कार्ड कशाला खोटं बोलेल?”

जायच्या आधी त्यांनी मला ऑफिसात बसवून त्या लोकांना पत्र लिहायला सांगितलं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. आम्ही अमुक ओळ घातली, दिवा लागतो, पण काही सापडत नाही, चूक कुठे झाली असावी? शेवटी ते म्हणाले, “लिहा, मला दिसत नाही, तुमचा प्रोग्रॅम मी कानाने ऐकलाय, त्यामुळे पडद्यावरचं चित्र पाठवून उपयोग नाही. शब्दांत सांगा.”

शनिवारी सकाळी दहाला मी ऑफिसात पोचले तेव्हा उत्तर आलेलं होतं. ब्राझीलमधल्या थियागो नावाच्या माणसाचं. मी ते छापलं. दोन पानं झाली. उभ्याउभ्याच वाचायला लागले.

तुमची ओळ बरोबर आहे, असं त्याने लिहिलं होतं. मी ती मूळ प्रोग्रॅममध्ये घालतो आहे, नोंदीत कोणाचं नाव लिहू ते कळवा. हे कार्ड मी कधी हातात घेतलेलं नाही. दिवसा मी बसची तिकीट यंत्रं दुरुस्त करतो, हे काम सकाळी घरचे उठायच्या आधी करतो. साडेचार हजार ओळी कुणी कानाने वाचल्या हे पहिल्यांदाच ऐकलं. इथे पहिलं पान संपलं.

दुसऱ्या पानावर दोनच ओळी होत्या. सगळं बरोबर असून काही सापडत नसेल, तर कार्डाचा अँटेना झाकला गेला असेल. त्याच्यावर किंवा जवळ धातूचं काही आहे का, ते तपासा.

मी मटकन खुर्चीत बसले. दोन वेढे. वीतभर अॅल्युमिनियम. बिनतारी जोडणीचे कार्ड, संगणक कक्ष.

“काय मॅडम, भूत बघितल्यागत काय झालं ओ?” शेडबाळेंनी विचारलं.

मी उत्तर द्यायच्या आतच आवटी साहेब आले. समितीचे दोघं अजून यायचे होते. त्यांनी माझ्या हातातले कागद पाहिले, पण विचारलं काही नाही.

“कागवाडे, तुमची ऑर्डर टाइप झालीय. अकराला कक्ष बघतो आणि इथे परत येऊन सही करतो,” ते म्हणाले. “हुपरीकरांचं ते खूळ आज एकदाचं संपू दे. भला माणूस आहे, पण ज्याचं त्याने करावं. ते कार्ड लागलं काय हो?”

“अजून नाही, साहेब.”

“मग झालं तर.”

मी पानांची घडी केली आणि बाहेर पडले. पटांगण ओलांडायला साठ पावलं लागत. त्या दिवशी मला दहा मिनिटं लागली. खोटं कशाला सांगू, त्या दहा मिनिटांत मी सगळा हिशोब करून पाहिला. मला काही करायचंच नव्हतं. फक्त एक पान वाचायचं नव्हतं. पट्टी मी चिकटवली होती ती त्यांच्याच नियमासाठी. पत्र माझ्याशिवाय कुणी वाचलेलं नव्हतं. एक तास गप्प बसले की जन्माची नोकरी. नंतर सोमवारी ‘अरेच्चा’ म्हणून पट्टी काढता आली असती, कक्षात इंटरनेट आणता आला असता आणि वर शाबासकीही मिळाली असती. एप्रिलमध्ये घरी बसल्यावर आई काही बोलायची नाही, नुसती माझ्या ताटात जास्त वाढायची. तेही आठवलं.

कक्षाच्या दारातूनच ती तडतड ऐकू आली. सर पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळा प्रोग्रॅम ऐकत होते, आपली चूक शोधत.

“आलं उत्तर?” त्यांनी आवाज बंद केला. माझी पावलं त्यांना ओळखू येत.

“आलं.”

“वाचा.”

मी पहिलं पान वाचलं. ओळ बरोबर आहे हे ऐकल्यावर त्यांनी टेबलावर हलकेच थाप मारली. तिकीट यंत्रांचं ऐकून म्हणाले, “बघा, कुठला कोण माणूस!” कानाने वाचल्याचं वाक्य आलं तेव्हा ते जरा लाजले. मग पान संपलं आणि मी थांबले.

बाहेर पहिलीतली मुलं पाढे म्हणत होती.

“संपलं?” सरांनी विचारलं.

मी त्यांच्या बोटांकडे पाहत होते. वेताने घट्टे पडलेली, टेबलावर पालथी ठेवलेली. तोंडातून ‘हो’ निघायला कितीसा वेळ लागतो!

“नाही,” मी म्हणाले. “अजून दोन ओळी आहेत.”

आणि दुसरं पान वाचलं.

 सरांनी हात पुढे करून कार्ड चाचपलं, पट्टीची कड नखाने उचलली आणि वेढे उलगडायला सुरुवात केली. एक वेढा सुटला आणि ते हसायला लागले. दुसरा सुटेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

“घ्या! कालपासून आम्ही त्याचं तोंड बांधून विचारतोय की बाबा बोल!”

“चूक माझी आहे, सर. पट्टी मी लावली.”

“नियम माझा आहे. विचारा आता. नाही, थांबा, मी विचारतो.”

त्यांनी आज्ञा दिली आणि मी श्वास रोखून उभी राहिले. आवाज बोलायला लागला. आधी शाळेचं नाव. मग आणखी एक नाव. मग तिसरं, रस्त्यापलीकडच्या दवाखान्याचं. पटांगणावरून, भिंतींतून, आमच्या अंगांतूनसुद्धा ही नावं कधीची जात होती आणि तो यंत्राचा रुक्ष आवाज ती एकेक करून सांगत होता. मी कॉम्प्युटर शिकवणारी बाई, पण हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते ठरवता आलं नाही. त्या कार्डाला, की ब्राझीलमधल्या त्या माणसाला, की माझ्यासमोर बसलेल्या या माणसाला.

“तुम्हाला एवढं नवल का वाटतंय?” सरांनी विचारलं. माझा श्वास त्यांना ऐकू आला असणार. “वायर नाही म्हणून? मला कुठली वायर कधी दिसली होती? मला नवल त्या माणसाचं वाटतंय. त्याने कार्ड पाहिलेलं नाही, मला पाहिलेलं नाही, आणि तिकडून सांगितलं की पट्टी काढा.”

अकराला समिती आली. सरांनी त्या दिवशीचं वर्तमानपत्र उघडून आवाजाला वाचायला लावलं. मग सातवीतल्या एका मुलीला बसवलं आणि तिला हवं ते शोधायला सांगितलं. तिने कोल्हापूरचं हवामान शोधलं, कारण तिचे आईवडील तिथे होते. समितीतले एक वयस्कर गृहस्थ खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसत राहिले.

“कुणी बसवलं हे?” आवटी साहेबांनी माझ्याकडे पाहत विचारलं.

“ओळ हुपरीकर सरांनी लिहिली,” मी म्हणाले. “मला ती लिहिता आली नसती. आणि कालपासून जी अडचण होती ती माझ्यामुळे होती.”

साहेबांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ते ऑफिसात गेले. ऑर्डरवर सही झाली नाही. कक्षाला दोन माणसांची गरज नाही असं ठरलं आणि माझं मदतनिसाचं काम मार्चपर्यंतच राहिलं. हे मला शेडबाळेंनी दुपारी सांगितलं, चहा पाजून.

चहा पिऊन मी कक्षात गेले. सर एकटेच होते. त्यांनी थियागोच्या पत्राची दोन पानं माझ्यापुढे सरकवली.

“सही राहिलीय.”

मी ‘वाचून दाखवले’ लिहून दोन्ही पानांवर सही केली. मग राहवेना.

“सर, एक सांगायचंय. माझी ऑर्डर तुमच्या जागेवर होती.”

“ठाऊक आहे.”

“कधीपासून?”

“तुम्ही यायच्या आधी आठ दिवस. ठरावाचा मसुदा ऑफिसात टाइप झाला ना, शेडबाळेंनी आणून वाचून दाखवला. सही आहे त्यांची, दाखवू?” त्यांनी खणाकडे हात केला.

“आणि तरी तुम्ही सगळी पत्रं माझ्याकडूनच वाचून घेतलीत? शेडबाळे होते की.”

“त्यांना इंग्रजी येत नाही.”

“सर, खरं सांगा.”

त्यांनी खणावरचा हात मागे घेतला. “सकाळी तुम्ही आलात तेव्हा हातातल्या कागदांचा आवाज दोन पानांचा होता. तुम्ही एक वाचलंत आणि थांबलात. म्हणून मी विचारलं, संपलं का?”

“आणि मी हो म्हणाले असते तर?”

“तर मी संपलं असं धरलं असतं.”

“का पण?”

“मॅडम, मला आजवर शेकडो माणसांनी वाचून दाखवलंय. प्रत्येकावर शंका घेत बसलो असतो तर मला एक पत्रसुद्धा वाचता आलं नसतं. आधी विश्वास ठेवायचा, मग ऐकायचं. मला दुसरी रीत परवडत नाही.” मग ते कळफलकाकडे वळले. “जा आता. मला थियागोला उत्तर लिहायचंय. जन्मात पहिल्यांदा माझं पत्र मी एकटा लिहिणार आहे.”

मार्चअखेर मी ती शाळा सोडली. पुढे पुण्यात नोकरी मिळाली, ती टिकली. हुपरीकर सर निवृत्त होईपर्यंत त्या कक्षात शिकवत होते. आम्ही अधूनमधून फोनवर बोलायचो. त्या शनिवारचा विषय पुन्हा निघाला नाही. तीन वर्षांपूर्वी ते गेले, हे मला शेडबाळेंनी कळवलं.

त्या आठवड्यात, पुण्यातल्या माझ्या ऑफिसात बसलेली असताना, मी तो प्रोग्रॅम उघडला. तो आता जगभरच्या कॉम्प्युटरांत लिनक्सबरोबर आपोआप जातो. यादी खूप वाढलेली होती. आमची ओळ सापडली. अशा प्रत्येक ओळीमागे ती कुणी घातली याची नोंद ठेवलेली असते, आणि नोंदी लिहायची ठरलेली पद्धत असते. लिहिलं कुणी, तपासलं कुणी, स्वीकारलं कुणी. मी ती नोंद उघडली. लिहिलं, शशिकांत हुपरीकर. स्वीकारलं, थियागो. आणि या दोघांच्या मध्ये एक शेरा असा होता, जो मी नंतर हजारो नोंदी धुंडाळल्या तरी दुसरीकडे कुठेच सापडला नाही. थियागोला त्याचा अर्थ कळला होता की नाही कोण जाणे, पण त्याने तो काढला नव्हता.

वाचून दाखवले, सुचेता कागवाडे.